विहिरीतली अहीर

एकसष्टावं वलय मोजून वल्लरीने डोळे सूक्ष्मदर्शकावरून उचलले आणि कागदावर पेन्सिलीने मारलेल्या काड्या पुन्हा मोजल्या. पाच-पाचच्या बारा जुड्या, वर एक. काहीतरी चुकत होतं. तिने काच थोडी फिरवली, उजेड कमी केला आणि मधल्या ठिपक्यापासून परत सुरुवात केली. तिसऱ्यांदाही तेच.

माशाच्या कानात तांदळाच्या कणीएवढा खडा असतो. झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय उमटतं तसं या खड्यातही उमटतं. मासा अगदी पिल्लू असताना तर दिवसाला एक, केसाहून बारीक. तळेगावच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत वल्लरी नऊ वर्षं असलेच खडे कापत, घासत आणि वाचत आली होती. समुद्रात जन्मणाऱ्या माशांच्या पिल्लांचे पहिले महिने कसे जातात हा तिचा विषय, आणि त्यातही तिचा जीव अहिरीवर.

सापासारखी लांब, बुळबुळीत अहीर मावळातल्या नद्यांत सापडते म्हणून लोक तिला नदीचीच समजतात. पण ती जन्मते खोल समुद्रात. पिल्लू काचेसारखं आरपार, बांबूच्या पानासारखं चपटं. लाटांबरोबर वाहत ते किनाऱ्याला लागतं, बोटाएवढं होतं आणि प्रवाहाच्या उलट चढत राहतं. पवनेत यायचं तर बंगालच्या उपसागरातून कृष्णा, भीमा, मुळा असं करत हजार-बाराशे किलोमीटर. वाटेत आता धरणंच धरणं. तरी अजून एखादं पिल्लू इथवर पोचतं का, एवढंच वल्लरीला शोधायचं होतं.

त्यासाठी दोन वर्षं तिने पवनेच्या काठची गावं पालथी घातली होती. गेल्या महिन्यात तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीतला नवसू निळ्या पिंपात जिवंत अहीर घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिला काय करू नि काय नको असं झालं. मासा घरच्या विहिरीतला होता. शिकलेल्या बाईच्या कामी येईल म्हणून त्याच्या आईने, बायाने, आपणहून दिला होता.

"आई म्हनती, धरनाच्या आदीची हाय ती," जाता जाता नवसू लाजत म्हणाला होता.

वल्लरी हसली होती. अहीर फार तर वीस वर्षं जगते, एक मेली की दुसरी येते आणि माणसाला ती तीच वाटते, असं तिने त्याला समजावून सांगितलं. नवसूने मान डोलावली. कानातला खडा काढायचा तर मासा मारावाच लागतो, म्हणून तो गेल्यावर तिने पिंपातल्या पाण्यात लवंगेचं तेल ओतलं. दहा मिनिटांत हालचाल थांबली. चिठ्ठीवर तिने लिहिलं, वय अंदाजे सहा ते आठ. म्हणजे सगळी धरणं ओलांडून आलेली. त्या संध्याकाळी तिने दोन ठिकाणी फोन करून हे सांगितलंही होतं.

आता तिने आपला आकडा झाकून शौनकला हाक मारली. शौनक तिच्या हाताखाली पीएचडी करत होता. कुठल्याही खड्याची वलयं दोघांनी वेगवेगळी मोजायची अशी रीत होती. तो बराच वेळ वाकून बसला.

"साठ," तो म्हणाला. "किंवा एकसष्ट, मॅडम."

मग त्याने मधला भाग मोठा करून दाखवला. समुद्रातले दिवस तिथे स्पष्ट होते, शंभरावर बारीक रेघा, एकही पुसलेली नाही. आपला पेपर आता खूप मोठा होईल, असं काहीतरी तो हळूच म्हणाला. वल्लरी बाटलीतल्या लवंगेच्या तेलाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाडीवर गेली. बाया अंगणात नाचणीची कणसं बडवत होती. सत्तरीची, काटक बाई. वल्लरी तिच्यासमोर खाली बसली आणि वाटेत जुळवलेलं बोलून टाकलं. तुम्ही सांगितलंत ते खरं होतं. मी ऐकलं नाही. आधी ऐकलं असतं तर मी तिला मारलं नसतं.

बायाला वयाचं नवल वाटलं नाही. धरणाचं काम लागलं तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती, आणि खालच्या डोहात टोपलीने तिनेच ती अहीर धरली होती.

"पानी चडल्यावर समदं बुडनार, आसं मानसं म्हनायची," ती म्हणाली. "म्या म्हनलं, ही बी बुडंल. मंग वर आनून हिरीत सोडली."

तिला स्वतःलाच त्याचं हसू आलं. मग ही अहीर मुळात कुठली, असं तिने विचारलं. वल्लरीला मोकळं वाटलं. तिने समुद्र सांगितला, पानासारखं पिल्लू सांगितलं, नद्यांची नावं सांगितली. बाया ऐकता ऐकता कणसं बडवत होती.

"मंग परत जाती का कवा?"

"जाते ना, मावशी. मोठी झाली की एकदाच. नदीला पूर असला की निघते, समुद्रात जाऊन अंडी घालते आणि तिथेच मरते. तळ्यात, विहिरीत अडकलेली असली तरी पावसात बाहेर पडते. ओल्या गवतातून सरपटत ओढा गाठते."

बायाचा हात थांबला.

"भादव्यात?"

"हो, साधारण तेव्हाच."

दांडकं बाजूला ठेवून बाया कितीतरी वेळ आपल्या तळहातांकडे बघत होती. वल्लरीला आपण काय बोलून बसलो ते तेव्हा हळूहळू कळू लागलं.

"हीर भरून काठाला आली का ती भाईर यायची," बाया म्हणाली. "गवतातनं खाली, वढ्याकडं. मला वाटायचं, चुकली. मुंग्या खात्याल, कावळं टोचत्याल. म्या पदरात धरून परत टाकायची."

"किती वेळा?"

"पयल्यांदा नवसू पोटात व्हता. मंग दर साली. हातातनं लय वड घ्यायची ती." तिने ओठ पुसले. "मंग म्या जाळीच बांदली."

माफी मागायला म्हणून वल्लरी आली होती, आणि आता कुणी कुणाची मागायची हेच तिला उमगेना.

बाया गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरामागे गेली. वल्लरी तिच्या मागोमाग. विहीर लहान, दगडाची, तोंडावर निळी नायलॉनची जाळी, चारही बाजूंनी तारेने आवळलेली. खाली पाणी काळं, निवांत. बायाने बसकण मारली आणि एका कोपऱ्यातली तार सोडवायला घेतली.

शेतातून येणाऱ्या नवसूने ते पाहिलं.

"आता कशाला, आई? काय हाय तितं? पाला पडंल नुसता."

"पडू दे."

तो जवळ येऊन उभा राहिला आणि आईच्या तोंडाकडे बघू लागला. तार गंजून दगडात रुतली होती. वल्लरीने पर्स खाली ठेवली, वळसा घालून पलीकडच्या कोपऱ्याशी बसली आणि नखाने दुसरी गाठ उकलू लागली.