विल्यमची वाक्यं

"मम्मा, धिस इज डॅडीज लाइन!" आंद्रिया शाळेची कादंबरी घेऊन स्वयंपाकघरात आली. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा इंग्रज साहेबानं लिहिलेली. तिनं बोट ठेवलेलं वाक्य मी वाचलं. इंग्रजीतलं, पण मी तिला लहानपणापासून ऐकवलेलं तेच: ‘आरसा काही फसत नाही, म्हणून तर माणूस लग्न करतो.’

अहो, हे वाक्य माझं होतं! सव्वीस वर्षांपूर्वी मी कतारला, दोह्यात नर्स म्हणून नवी आले, तेव्हा विल्यमनं वसईहून पत्रात मराठीत लिहिलेलं. हॉस्टेलात जिचं पत्र येईल तिनं ते सगळ्यांना वाचून दाखवायचं, असा रिवाज. बाकीच्यांच्या पत्रांत पापड आणि पोटदुखी, माझ्या पत्रांत असली वाक्यं. मुली हसून लोळायच्या. माझा रुबाब तर विचारू नका. त्या वाक्यांवर भाळून मी साध्या कारकुनाशी लग्न केलं.

मेल्या, चोरलीस होय!

पत्रांचा डबा घेऊन मी त्याच्या पलंगाशी बसले. "विल्यम, सगळी उसनीच होती का रे? एक तरी तुझं?"

"खलास," तो म्हणाला.

फेब्रुवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, उरला हा एवढाच शब्द. भूक लागली तरी खलास, नको असलं तरी खलास. किती पेशंटच्या बायकांना मी धीर दिलाय, पण घरच्या माणसापुढे माझं काही चालेना. भांडायचं तरी कसं? उलट बोलायला समोर माणूस हवा ना!

"बरं, मी वाचते. तुझं वाक्य आलं की माझा हात दाब."

पत्रामागून पत्र वाचलं. बायकांचा नखरा, पुरुषांचा गर्व, प्रेमातला शहाणपणा, सगळं झालं. त्याचा डावा हात माझ्या हातात नुसता पडून राहिला. त्याचे डोळे भरले, पण हात हलेना. चोर, पण प्रामाणिक! मलाच रडू फुटलं.

"अरे, एकदा खोटं तरी दाब!"

तेवढ्यात त्यानं हात सोडवून घेतला आणि बोट पत्राच्या अगदी खाली टेकवलं.

‘आज तुझ्या घरी केळीचे घड उतरवायला गेलो. आईनं तुझ्या ताटलीत जेवायला वाढलं. जेवण गेलं नाही.’

हे मी हॉस्टेलात कधीच वाचलं नाही. केळी आणि ताटली! मुली मला हसल्या असत्या. प्रत्येक पत्राच्या शेवटी असलंच काहीतरी असायचं, आणि तिथं पोचले की मी कागदाची घडी घालायचे.

"आणखी सांग ना रे," मी म्हणाले.

त्यानं तोंड उघडलं. ओठ बराच वेळ हलले, मानेच्या शिरा ताठल्या, पण आवाज म्हणून आला नाही. मी त्याची हनुवटी पुसली, आणि पुढचं पत्र उघडून एकदम शेवटाकडे गेले.