घड्याळ काढलेला धडा

शरयूताईंनी मला समोर बसवून घेतलं म्हणून पुढचं सगळं घडलं. म्हणून नाव आधी त्यांचं. आणि त्यांचं नाव मनात आलं की मला पंखा थांबल्याचा आवाज ऐकू येतो. बदलापूरच्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत रेकॉर्डिंगच्या आधी त्या पंखा बंद करत. पाती मंदावत, थांबत, आणि मग जी नि:शब्दता उतरे तिच्यात वैशाखाचं ऊनसुद्धा ऐकू आल्यासारखं वाटे. खालून नारळवाल्याची हाक, शेजारच्या कुकरची शिट्टी, खिडकीच्या गजावर चोच घासणारा कावळा. ताईंच्या शुभ्र केसांच्या कडेला घामाचे थेंब दाटत. त्या दोन बोटं वर धरून आम्हाला थांबवत, कावळा उडेपर्यंत.

आयुष्यभर त्यांनी कॉलेजात समाजकार्य शिकवलं. निवृत्तीनंतर पेन्शनीत स्वस्थ बसायचं, तर या बाई आदिवासी पाड्यांवरच्या मुलींसाठी फोनवरचा अभ्यासक्रम घडवत बसल्या होत्या. ज्या डोंगरावर कॉलेज कधी चढणार नाही, तिथे ते मुलीच्या हातातल्या फोनमधून चढावं, एवढाच त्यांचा ध्यास. रव्याच्या डब्यांवर तांदळाचे डबे, त्यावर फोन टेकवलेला; हाच त्यांचा स्टुडिओ.

मी सातपुड्याची, धडगावकडची पावरा आदिवासी मुलगी. बदलापूरजवळच मोरिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला, राहायला तिथल्याच बुवापाड्यात. शुक्रवारची सुट्टी असली की ताईंकडे. नवे धडे आधी आमच्यासारख्या चारपाच जणींवर करून बघायचे, आणि जी अभ्यासक्रम पुरा करेल तिला तिच्याच पाड्यावर काम मिळायचं. म्हणजे मला घरी जायला मिळायचं. फॉर्मवर मात्र दहावीची अट होती. माझी शाळा सहावीत सुटलेली. मी दहावी लिहिलं, आणि तेव्हापासून ताईंनी चष्मा काढून माझ्याकडे नुसतं पाहिलं तरी मी नजर खिडकीकडे वळवायचे.

चौथा धडा होता गृहभेटीचा. पडद्यावर एक म्हातारी उंबऱ्यात बसलेली. खाली तीन बटणं, भेटीचं कारण कसं सांगाल म्हणून. आणि कोपऱ्यात अर्ध्या मिनिटाचं घड्याळ, पाण्यासारखं गळणारं. मी म्हातारीकडे बघत राहिले. घड्याळ संपलं. लाल अक्षरं आली: उत्तर दिले नाही. पुन्हा केलं, पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही. बाकीच्या मुली पुढच्या धड्यावर गेल्या आणि मला वाटलं, झालं, आता कळलंच यांना.

मी स्वतःच बोलून टाकलं. "ताई, मी दहावी नाही. सहावीत शाळा सुटली. खोटं लिहिलं मी."

ताई पदरानं चष्मा पुसत होत्या. "ते बघू नंतर. आधी सांग, बटण का नाही दाबलंस?"

"ती आजी अजून काही बोललीच नाही ना."

"म्हणजे?"

मग मी सांगितलं. आमच्याकडे कोणी आलं की अंगणात खाट टाकतात, पाण्याचा तांब्या देतात. आलेला पाणी पितो, गप्प बसतो. घरातलं वडीलधारं माणूस 'काय खबर' म्हणेपर्यंत कामाचं काढायचं नाही. आल्या आल्या कामाचं बोलतो तो एकतर पोलीस, नाहीतर मरणाचा निरोप घेऊन आलेला.

ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "म्हणजे इतकी वर्षं मी मुलींना पोलीस करत होते की गं," म्हणाल्या, आणि हसू लागल्या. त्यांचं हसणं म्हणजे आधी खांदे हलत, मग बांगड्या, आवाज सर्वांत शेवटी. त्या हसण्यात माझी सहावी कुठे विरघळली ते मलाच समजलं नाही.

धडा मोडून नव्यानं केला. चित्रफिती जुळवायचं काम उल्हासनगरचे मोहनभाई करत. मोबाइल दुरुस्तीचं दुकान सांभाळून, ताईंच्या हातच्या चहावर. ते हवालदिल झाले. "मॅडम, पूरा एक मिनिट कोई बोलेगा नहीं? लोग समझेंगे नेट गया."

"समजू देत. नेट गेलं म्हणून कोणी खाटेवरून उठत नाही."

"ठीक है. लेकिन उसमें मेरा नाम मत डालना."

बोलले तसे, आणि लगेच खाली जाऊन वॉचमनची बाज डोक्यावर घेऊन दोन जिने चढून आले. पंखा थांबला. मी यजमानीण, ताई पाहुण्या. मी तांब्या दिला. त्यांनी दोन घोट घेतले, हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिल्या, जणू समोर भिंत नसून दूरवर निळा होत गेलेला डोंगर आहे. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ या धड्यात नसणार होतं. मग मी माझ्या भाषेत त्यांना खबर विचारली, आणि कितीतरी दिवसांनी माझा आवाज मला माझाच वाटला.

फॉर्मवरची शिक्षणाची अट काढायला ताईंनी अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेला तीनदा पत्रं लिहिली. आता तिथे एकच प्रश्न आहे: तुमच्या घरी कोणी आलं तर आधी काय करता? माझा फॉर्म मी पुन्हा भरून दिला, या वेळी खरा.

आमच्या पाड्यावर नेट फक्त टेकडीवर येतं. आई सांगत होती, पाचसहा बायका तिथे चढून तो धडा बघत बसल्या. गप्प असलेलं ते मिनिट आलं तेव्हा कोणी हललं नाही, फक्त एक काकी हळूच म्हणाली, "बाई उन्हातून आल्यासारखी दिसतेय, अजून पाणी द्या."

गुडघ्यांमुळे ताई आता नागपूरला लेकीकडे असतात. बदलापूरच्या खोलीला कुलूप आहे. माझे दोन धडे उरलेत. थंडीपर्यंत मी घरी असेन. ताईंना मी एकदा तिथे नेणार आहे, हे इथे लिहून ठेवते. जीप थेट अंगणापर्यंत आणीन, गुडघ्यांना चढ लागू देणार नाही. खरी खाट टाकीन, तांब्या भरून देईन आणि काही विचारणार नाही. गेलेला काळ आणि दूर गेलेलं माणूस, दोन्ही घाईनं बोलावून येत नाहीत. त्यांच्यासाठी अंगणात जागा करून गप्प बसावं लागतं, आणि तेवढं बसायला मला ताईंनीच शिकवलं, माझ्याकडूनच शिकून.