आनंदरावांची पिशवी

कौसल्याबाईंनी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, पण लघवीच्या पिशवीला खोळ शिवायची वेळ त्यांच्यावर यंदाच्या मार्चमध्येच आली. आली तर आली, त्यांनी ती झोकात शिवली. पांढरं पॉपलिन, दुहेरी शिवण, वर मजबूत नाडी आणि खालची तोटी बाहेर काढायला बोटभर फट. इंदोरा वस्तीतल्या घरात दुपारभर मशीन खडखडत होती आणि आनंदराव खाटेवरून बघत होते.

"नवरदेवाचा सदरा शिवून राहिली का?"

"गप बसा. माह्यासाठी तुम्हीच नवरदेव."

आनंदराव हसले. हसले म्हणजे दुखणं कमी होतं, एवढं कौसल्याबाईंना कळायचं. प्रोस्टेटची गाठ वाढून महिन्यापूर्वी त्यांची लघवी पार अडली होती. दवाखान्यात नळी घातली, नळीचं दुसरं टोक प्लास्टिकच्या पिशवीत सोडलं, आणि ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत असंच राहायचं म्हणून सांगितलं. तिथल्या लतिका सिस्टरनं कौसल्याबाईंना समोर बसवून पाठ घ्यावा तसं घोकवून घेतलं होतं. पिशवी नेहमी कमरेच्या खाली पाहिजे, मात्र जमिनीला टेकता कामा नये, आणि नळीला मोड पडू द्यायचा नाही. "वर उचलली की गेलेलं परत आत येते, काकू. मग थंडी वाजून ताप येते. अन् नळी दबली तर पोट तटतटते." कौसल्याबाईंनी ते देवळातल्या आरतीसारखं नाही, पंचशिलासारखं पाठ केलं होतं. आरत्या त्यांच्या घरातून छप्पन सालच्या धम्मदीक्षेबरोबरच गेल्या.

रविवारी नातीचं, पायलचं लग्न होतं. आता या घरातलं लग्न म्हणजे त्रिशरण-पंचशील देणार कोण, हा प्रश्नच नव्हता. बेचाळीस वर्षं नात्यागोत्यातल्या प्रत्येक लग्नात आनंदराव पुढे उभे राहिले होते. रेल्वे वर्कशॉपातला फिटर माणूस, पण आवाज असा की मागच्या रांगेतली भांडणारी पोरंसुद्धा हात जोडायची. पायल तर चौथीत असतानाच म्हणाली होती, आबांनी दिलं नाही तर मी लग्नच करणार नाही. त्यामुळे नळी असो की नळा, आनंदराव जाणारच, असं कौसल्याबाई धरूनच चालल्या होत्या.

गुरुवारी त्यांचा मुलगा अंकुश आला. बँकेत अधिकारी, मनीषनगरला फ्लॅट, पोरीच्या लग्नानं डोकं भणभणलेलं. चहाचा कप हातात घेऊन तो बराच वेळ खोळीकडे बघत राहिला.

"आई, मी काय म्हणतो... बाबा घरूनच व्हिडिओ कॉलवर देतील पंचशील. मोठा स्क्रीन लावला आहे हॉलमधे."

"काहून?"

"त्याईलेच त्रास. अन् मंचावर, सगळ्या लोकाईसमोर, ते... बरं नाई दिसत."

"पाहुणे काही बोलले का?"

"बोलले नाई. पण म्हणतीलच ना. शुभ कामात असलं—"

"असलं म्हंजे कसलं?" कौसल्याबाईंचा आवाज चढला. "विटाळ म्हण ना! तोंडातच ठेवला आहे तो शब्द, काढ बाहेर!"

अंकुश गोरामोरा झाला. आनंदराव भिंतीकडे बघत म्हणाले, "जाऊ दे वं. मी राह्यतो घरी." आणि हे ऐकून तर कौसल्याबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. शिवी दिली असती तर बरं, पण हा माणूस घरी राहतो म्हणतो! ज्याचा बाप, धोंडबा, इतवारीच्या बाजारात हमाली करताना ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायला. ज्या बापानं चार वर्षांच्या याला खांद्यावर घेऊन दीक्षेच्या गर्दीत उभं केलं. तो माणूस स्वतःच्या नातीच्या लग्नात कोपरा शोधतो, तेही पोटच्या पोरानं सांगितलं म्हणून.

"ते येतील," त्या म्हणाल्या. "खोळ शिवली आहे. धोतराच्या आत पोटरीला बांधीन. कोणाले काही दिसणार नाई."

अंकुश हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. कप ठेवून उठला. कौसल्याबाईंनी ते हो धरलं, आणि तिथंच चुकल्या.

रविवारी सकाळी हॉलमधे पाऊल टाकलं तेव्हाच ऊन चढलेलं होतं. मंचावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, पांढऱ्या फुलांची आरास, मेणबत्त्या. अंकुशनं बापाचा हात धरून त्यांना आतल्या खोलीत नेलं, "आई, तू पाहुण्याईकडे पाह्य, बाबाईले मी आणतो," म्हणाला, आणि कौसल्याबाईंना बरंही वाटलं. पोराला उपरती झाली म्हणायची.

नवऱ्या मुलाची आई इंदुताई भिवापूरहून आली होती, पिशवीभर तिथली नामी लाल मिरची घेऊन. "लग्नात मिरची आणली म्हून हासू नका," म्हणत तिनं कौसल्याबाईंना शेजारी बसवलं आणि विचारलं, "दादाची तब्येत कशी आहे? ऐकलं होतं."

कौसल्याबाईंनी पदर सारखा केला. मग आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, की नळी आहे, पिशवी आहे, पण पंचशील तेच देणार.

"मग? देतीलच ना!" इंदुताई म्हणाली. "माह्या सासऱ्याले दोन वर्सं होती पिशवी. शेतात जात होते, बाजारात जात होते. लग्नाले तर पहिल्या रांगेत. त्याच्यात काय लपवाचं?"

म्हणजे पाहुणे काही म्हणत नव्हते आणि म्हणणारही नव्हते. मग पोरगा नाव कोणाचं सांगत होता? लाज त्याची स्वतःची होती, आणि ती त्यानं पाहुण्यांच्या नावावर खपवली होती.

त्यांनी मंचाकडे पाहिलं. आनंदराव भाड्यानं आणलेल्या सोनेरी खुर्चीत बसले होते, आणि मार्चच्या त्या उकाड्यात त्यांच्या मांडीवर जाडजूड शाल होती. कपाळावरून घामाच्या धारा, ओठ पांढरे, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट. दर चार श्वासांनी ते डोळे मिटत होते. बेचाळीस वर्षांत पंचशिलाआधी या माणसाचा चेहरा असा कधी झाला नव्हता.

"शाल काहून?" कौसल्याबाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि उठल्या.

मंचाच्या पायऱ्या त्या गुडघ्यांना न विचारता चढल्या. शाल बाजूला केली. पिशवी मांडीवर होती, खोळीसकट, नाडीचे तीन वेढे देऊन वर बांधलेली. नळी मांडीखाली दुमडून दबलेली. पोटाला हात लावला तर नगाऱ्यासारखं तटतटलेलं.

"किती वेळ झाला?"

"एक घंटा असन," आनंदराव पुटपुटले. "अंकुश म्हणे, खाली फुगा दिसते व्हिडिओत."

अंकुश धावत आला. "आई, आई, कॅमेरा सुरू आहे!"

"असू दे सुरू."

त्यांनी नाडी सोडली आणि नळी सरळ केली. लघवी उतरते की नाही ते खोळीतून दिसेना, म्हणून खोळही ओढून काढली. पिशवी उघडी पडली, सगळ्या हॉलसमोर. कौसल्याबाई तिथंच खुर्चीजवळ उकिडव्या बसल्या आणि पिशवी खाली धरली. नळीतून धार लागली. पिशवी हातात जड होत गेली तसा आनंदरावांनी इतका लांब श्वास सोडला, की समोरच्या माइकनं तो हॉलच्या दारापर्यंत नेला.

हातातल्या पांढऱ्या खोळीकडे बघून कौसल्याबाईंना स्वतःचाही राग आला. दुपारभर बसून शिवलं काय, तर लपवायचं फडकं! पोरानं नुसती तिची जागा बदलली. त्यांनी खोळ कमरेला खोचून टाकली.

"तुह्या आज्याले लोकं वरून पाणी ओतत होते," त्या अंकुशला म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण माइकला हळू-जोरात काय कळतं? "ते परके होते. तू तर पोटचा आहेस गा. बाप मरणाच्या कळा सोसून राहिला, अन् तुले फुगा दिसते म्हून लाज वाटून राहिली?"

अंकुशची मान खाली गेली. आनंदराव खुर्चीचे दांडे धरून उठायला लागले.

"बसूनच द्या," कौसल्याबाई म्हणाल्या. "बसून दिलं तरी शील तेच."

मग आनंदरावांनी हात जोडले. सगळा हॉल उभा राहिला, सगळ्यांत आधी इंदुताई. पांढऱ्या साडीतली पायल आणि नवरा मुलगा समोर आले. आणि कौसल्याबाईंच्या लक्षात आलं, की आपले हात जोडता येत नाहीत. खोळ तर त्या परत चढवणार नव्हत्या, आणि खुर्चीचे पाय इतके बुटके, की पिशवी तिथं बांधली तर जमिनीला टेकणार. धरूनच बसावं लागणार होतं.

"आजी, माह्याजवळ दे," पायल वाकली.

"तू नाई. तुह्ये हात आज जोडाले पायजेत. माह्येही पायजेत. त्याईनं दिलेलं पंचशील मी कधी हात न जोडता घेतलं नाई." त्यांनी पिशवी अंकुशपुढे धरली. "घे. तुह्या बापाची आहे."

अंकुशनं एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे. पिशवी दोन बोटांत घेतली, अंगापासून लांब, छातीच्या उंचीवर.

"खाली," कौसल्याबाई म्हणाल्या.

तो जरासा वाकला.

"अजून खाली. बापाच्या कमरेखाली. अन् जमिनीले टेकू देऊ नको."

नव्या कोऱ्या सुटात अंकुश बापाच्या पायाशी उकिडवा बसला आणि पिशवीखाली दुसरा हात लावला. आनंदरावांनी त्रिशरण सुरू केलं. आवाज पहिल्या शब्दाला कापला, दुसऱ्याला सावरला. सगळा हॉल त्यांच्यामागून म्हणत होता. कौसल्याबाई हात जोडून, कान देऊन उभ्या होत्या. खालून एकच आवाज येत नव्हता, पोराचा, आणि तो येईपर्यंत त्या काही तिथून नजर हलवणार नव्हत्या.

तिसऱ्या ओळीला तो आला.