दोरीवरचा 'अँड'

मित्रांनो, कपडे वाळत घालायच्या दोरीवरचा मी एक जुना लाकडी चिमटा आहे. दिसायला किरकोळ, पण धरलेले सोडायचे नाही हा माझा बाणा! कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसली आणि अकरा भावंडांसह मी एका घराच्या गच्चीवर आलो.

त्या घरातल्या वहिनी इस्पितळात चादरी धुवायच्या. त्यांना नर्स व्हायचे होते, पण प्रवेश परीक्षेत इंग्रजीने त्यांना दोनदा आडवे पाडले होते. तिसरी संधी शेवटची होती. त्यांची नणंद शाळेत इंग्रजी शिकवायची. दर रविवारी ती वाक्यांचे कागदी तुकडे दोरीवर लावायची आणि 'अँड'च्या जागी मला बसवायची. माझी कॉलर ताठ व्हायची.

"द बेल रँग अँड द नर्स केम." मला काढले तरी दोन्ही तुकडे पुरी वाक्ये, म्हणून हे संयुक्त वाक्य. एवढे वहिनींना लगेच कळले. पण मग 'अँड' दिसला रे दिसला, की त्या डोळे झाकून "संयुक्त" म्हणू लागल्या. नणंद मात्र कधी वैतागली नाही. तिने "द नर्स वॉश्ड अँड ड्राइड द शीट्स" लावले, मला काढले आणि मागचा तुकडा त्यांच्या हातात दिला.

"चादरी वाळवल्या. कोणी वाळवल्या, वहिनी?"

"ते यात कुठंय, वन्सं?"

"मग हा तुकडा एकटा चालेल?"

वहिनींनी तुकडा पुन्हा एकदा वाचला. "नाही चालायचा. म्हणजे हे साधं वाक्य."

परीक्षेला हॉल तिकीट पॅडवर धरून ठेवायला त्यांनी मला नेले. एका वाक्यात 'अँड' आला आणि वहिनींनी सवयीने 'संयुक्त' लिहिले. माझा जीव टांगणीला लागला. मग त्यांचे पेन थांबले. त्यांनी वाक्याचा 'अँड'पर्यंतचा भाग बोटाने झाकला, उरलेला पुन्हा वाचला, लिहिलेले खोडले आणि 'साधे' लिहिले. चादरी धुऊन भेगाळलेले ते बोट मला आजही आठवते.

वहिनी पास झाल्या. निकाल ऐकून रडली मात्र नणंद.

आता मी वहिनींच्या वॉर्डात रुग्णांचे कागद धरतो. मध्यंतरी माझी स्प्रिंग सैल झाली होती. परवा एका वॉर्डबॉयने मला कचऱ्यात टाकले, तर वहिनींनी स्वतः वाकून मला उचलले आणि स्प्रिंगची तार घट्ट केली. मित्रांनो, तुमच्या घरचा चिमटा सैल झाला, तर एवढेच करा. तो पुन्हा धरतो.