अचूक मोडचा मान

विट्यात घरी बसून मी अ‍ॅनालॉग-डिजिटल चिपचं डिझाइन सिम्युलेटरवर तपासतो. एकदा सगळेच भाग अचूक पण संथ मोडमध्ये घातले, तर तपासणं आमच्या लग्नासारखं रखडलं. तिथं प्रत्येक पाहुण्याला फेटा बांधायचा हट्ट मीच धरला होता, मुहूर्त टळला.

"चुकायची भीती हाय तेवढंच अचूक ठेवा, बाकीचं जलद मोडमध्ये पळू दे," प्रियदर्शनी म्हणाली. बायको याच कामातली.

मी पडलो शहाणा. सहकाऱ्यांचे भाग अचूक मोडमध्ये ठेवले, माझा जलद मोडमध्ये. तो कसला चुकतोय! चहाआधीच सगळं पास. मी मिशीला पीळ दिला.

तिनं माझा भाग अचूक मोडमध्ये टाकला. चुकांनी स्क्रीन लालभडक झाली.

"आवं, सगळ्यास्नी फेटा बांधलासा," ती म्हणाली, "नवरदेव तेवढा बोडका ऱ्हायला."