अस्तरातलं काडतूस

"आजी, इज धिस युअर लिपस्टिक?"

शुभ्राच्या तळहातावर पितळी काडतूस उभं होतं. सुहासिनीबाईंनी पोळी तव्यावर तशीच सोडली आणि नातीच्या हातून ते असं हिसकावलं, की पोर भोकाड पसरून रडायला लागली.

पुणे पोलिसांतून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर बाईंनी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला होता. त्यांनी आत टाकलेल्या एका टोळीतली माणसं सुटून आली होती, फोनवर धमक्या यायच्या. नियम त्यांना पाठ होते. हत्यार चारचौघांत दिसता कामा नये, मिरवता कामा नये, परदेशी जायचं तर आधी ठाण्यात जमा करायचं. पर्समध्ये रुमालाखाली रिव्हॉल्व्हर ठेवून त्या भाजीला जात. लेकाकडे दुबईला निघताना त्यांनी ते रीतसर जमा केलं होतं. पण एक सुटी गोळी कधीतरी पर्सच्या उसवलेल्या अस्तरात शिरली असावी. मुंबईच्या विमानतळावर सुटकेसच्या तळाशी ठेवलेल्या त्या पर्समध्ये ती कुणालाच दिसली नाही, आणि आज पर्सशी खेळताना शुभ्राच्या हाती लागली.

आल्यापासून त्यांना चैन नव्हतंच. हॉटेलात दाराकडे तोंड करून बसायच्या, लिफ्टमध्ये शिरणाऱ्याचे हात आधी बघायच्या. "आई, इथे कोणी कुणावर गोळ्या झाडत नाही," तन्मय हसायचा, "इथे फक्त नोकरीवरून काढतात."

मग त्यालाच काढलं. दोन हजार नऊचा मार्च होता, मंदीचा. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस वस्तीतल्या त्यांच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन जागच्या जागी थिजल्या होत्या. दुसरी नोकरी लवकर मिळाली नाही तर व्हिसा खलास. काडतूस सापडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या एका कंपनीत त्याचा इंटरव्ह्यू होता.

तन्मयने काडतूस पाहिलं आणि आधी बाहेरचं दार लावून घेतलं. "अगं, इथे बॅगेत नुसती गोळी सापडली तरी आत टाकतात. तुझा परवाना इथे कोण विचारतो?"

"म्हणून तर पोलिसांत नेऊन देते."

"नको! माझं नाव लागेल. तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे. कचऱ्यात टाक आणि विसरून जा."

"कचरा उपसणाऱ्याच्या हाती लागलं तर?" बाई म्हणाल्या. "ज्याच्या हातात सापडतं ना तन्मय, तोच आरोपी होतो. मी अशी माणसं उचललेली आहेत."

सासूकडे न बघता सुजाता म्हणाली, "आई, तुमची नोकरी संपली आता. आमचं सगळं इथेच आहे."

इंटरव्ह्यू होईपर्यंत थांबायचं बाईंनी कबूल केलं. काडतूस तांदळाच्या डब्यात खोल पुरलं, तरी दिवसभर त्या डब्याशी जाऊन झाकण चाचपत राहिल्या.

सकाळी तन्मय अबू धाबीला गेला. भातासाठी तांदूळ काढताना बाईंनी डबा तळापर्यंत ढवळला, मग ओट्यावर ओतला. काडतूस नव्हतं.

"सुजाता, तन्मयने नेलं?"

सुजाताने मान फिरवली. "पहाटे कचऱ्याच्या शूटमध्ये टाकलं, खाली गेलं. आता बास ना, आई."

बाई तशाच घरातल्या चपला घालून खाली धावल्या. तळघरात कचऱ्याच्या खोलीत बिल्डिंगचा नातूर, म्हणजे रखवालदार, रफिक पिशव्या फोडून डबे आणि पुठ्ठे वेगळे करत होता. तो श्रीवर्धनचा, बाईंशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून एरवी खुशीत असायचा.

"काय हरवलं बाई? सोनं बिनं?"

"बंदुकीची गोळी."

पिशवी तिथेच टाकून तो दाराकडे सरकला. "या अल्ला! बाई, मला हात लावायला सांगू नका. तीन पोरी आहेत मला."

"तू लांब उभा राहा. हातमोजे तेवढे दे."

एके काळी ज्यांच्या हाताखाली अख्खं ठाणं होतं, त्या बाई साडीचा पदर खोचून शिळ्या आमटीत, डायपरांत, चहाच्या चोथ्यात हात घालत राहिल्या. रफिक दाराशी उभा राहून पुटपुटत होता. अखेर एका फुटक्या दह्याच्या डब्याखाली ते मिळालं. बाईंनी नळाखाली धुतलं, रुमालात बांधलं आणि टॅक्सीला हात केला.

पोलीस ठाण्यात तरुण अधिकारी होता, इंग्रजी बोलणारा. रुमाल उघडताच तो उभाच राहिला. आणखी दोघं आले. बाईंना बाकावर बसवलं, पासपोर्ट घेतला. दुपारपर्यंत तेच तेच प्रश्न फिरून फिरून आले. पुण्याच्या ठाण्याशी फोनवर बोलणं झालं. शेवटी अधिकारी म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतःहून आलात, म्हणून ताकीद देऊन सोडतोय. पण या आठवड्यात परत जायचं. आणि तुमच्या स्पॉन्सरला, म्हणजे मुलाला, सही करावी लागेल."

"सगळं माझ्या नावावर लिहा. त्याचा यात काही संबंध नाही."

"स्पॉन्सरशिवाय चालत नाही, मॅडम."

तन्मय अबू धाबीहून थेट आला. अंगावर इंटरव्ह्यूचाच सूट होता. आईच्या साडीला अजून कचऱ्याचा वास होता; तो त्याला आला असावा. त्याने तोंड फिरवलं, जिथे सांगितलं तिथे सही केली.

"कसा झाला?" बाईंनी हळूच विचारलं.

"कळवतो म्हणाले."

त्यांनी कधीच कळवलं नाही. ते या सहीमुळे की त्या वर्षी कुणीच कुणाला कळवत नव्हतं म्हणून, हे कुणालाच समजलं नाही. जूनमध्ये तन्मय, सुजाता आणि शुभ्राही पुण्याला परतले.

पण त्या दुपारी ठाण्याबाहेर ऊन नुसतं पांढरंफटक होतं. तन्मय पुढे चालत गेला आणि गाडीत बसला. नोकरीभर बाई जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मागे कुणाला बसवतात ते त्यांना पुरतं माहीत होतं. त्यांनी स्वतःच मागचं दार उघडलं, आत बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर, सहज दिसतील असे ठेवले.

आई दिसेल असा तन्मयने आरसा जरासा वळवला. मग गाडी निघाली.