उत्तराची ओळ

“झोपेत दिलंत तरी चालेल, पण उत्तर द्या रे,” बाबा म्हणायचे. चाळीस वर्षं झाली तरी तो आवाज पुस्तकं बांधणाऱ्या त्या बाइंडरच्या कानात तसाच होता. रोज सकाळी बाबा प्रार्थनापुस्तकातली एक ओळ म्हणत, आणि अंथरुणातूनच तो आणि ताई पुढची ओळ म्हणत. एक ओळ बाबांची, एक ओळ पोरांची. घराची सकाळ अशी टाक्याला टाका घालत उजाडायची.

यंदा बाबा गेले आणि ताईने हट्ट धरला, नेम मोडायचा नाही. बाबांची ओळ ती म्हणेल, उत्तर त्याने द्यायचं. चर्चच्या पाळकसाहेबांनीही सांगितलं, मन लागायची वाट बघू नका, आधी बूड टेकवा. पहिल्या आठवड्यात बाइंडरने कधी पाठदुखीची सबब पुढे केली, कधी गिऱ्हाइकाची. देवालाच तुझ्या दुकानाची वेळ विचारून यायला सांगते, असा टोमणा ताईने मारला. पण हळूहळू पायांना सवय लागली. साडेसहाला, पुस्तकं चिकटवायची खळ शिजवायला ठेवायच्या आधी, ते आपसूक ताईच्या खोलीकडे वळू लागले.

सवय लागली आणि तिथेच दुखणं सुरू झालं. प्रार्थनेच्या सुरुवातीलाच पापकबुली यायची. हातून काय घडलं तेवढंच नाही, काय राहून गेलं तेही दोघांनी एका सुरात कबूल करायचं. तिथे त्याचे ओठ नुसते हलायचे.

महिन्याभराने ताईने बाबांचं ते खिळखिळं पुस्तक त्याच्याकडे बांधायला दिलं. त्याने पानं उसवली, नवे टाके घातले, नवा पुठ्ठा चढवला. आणि कबुलीची समोरासमोरची दोन पानं खळ लावून एकमेकांना चिकटवून टाकली. इतकं सफाईचं काम, की पान जरा जाड आहे, एवढंच बोटाला कळावं.

दुसऱ्या दिवशी त्या पानापाशी ताई थांबली. चष्मा पुसला. मग पुढच्या स्तोत्राला लागली. रोज तेच होऊ लागलं. तिथे ती गप्प बसायची, आणि ते गप्प बसणं दिवसागणिक लांबत गेलं. कबुली तिला तोंडपाठ होती, तरी तिने एकदाही म्हटली नाही.

आज ती पुढे गेलीच नाही. जाड पानावर तळहात ठेवून हळूच म्हणाली, “तुझ्या हातून आजवर कधी चुकून पानं चिकटली नाहीत रे.”

न्हाणीत नळाखालची बादली भरून वाहू लागली. कुणी उठलं नाही.

“बाबा झोपेत गेले, असं मी तुला सांगितलं होतं ना ताई,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “झोपेत नाही गेले. मागच्या खोलीतून मला हाक मारली त्यांनी. दोनदा. मी शिवत होतो. चारच टाके राहिलेत, संपवून जाऊ म्हटलं. मी ओ दिली नाही.”